आठव्या टोळीचे गेरेन्चेरी

१२ ऑक्टोबर, रविवार. जेवणानंतर.

बोगीने सूप वाढता वाढता सांगितलं की जूनमध्ये लग्न करतेय. मुलगा नोर्बर्ट. मुलगा म्हणून उत्तम. दातांचा डॉक्टर आहे, सूप दोनदा घेतो, माझी बायको पिरोश्का जे करेल ते निमूट खातो. पण आडनाव कापोस्ता. म्हणजे चक्क कोबी. दवाखान्यावर तशी पाटीसुद्धा लावलीय, डॉक्टर कोबी. त्याला त्यात काही वाटत नाही. मला वाटतं.

माझी एकुलती एक मुलगी कोबी होणार हे ऐकून मी हसलो. पाहुण्यासमोर हसावं लागतं.

गेरेन्चेरी हे काय साधंसुधं नाव आहे? बाकीचे लोक असं नाव लिहिताना शेवटी आय हे अक्षर लावतात. आम्ही वाय लावतो. आमच्या सोल्नोकमध्ये कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, शेवटी वाय म्हणजे खानदानी माणूस. मला भाऊ नाही, मुलगा नाही. बोगीने नाव टाकलं की संपलं. एवढ्या घराण्याचा शेवट कोबीत.

फेब्रुवारीत दोघांनी नोंदणी कचेरीत जाऊन सांगायचंय, लग्नानंतर कोण कुठलं नाव लावणार. कायद्याने नवरासुद्धा बायकोचं नाव घेऊ शकतो. मी नोर्बर्टला सरळ विचारलं, आमचं घराणं सरदारांचं आहे हे मी पुराव्यानिशी दाखवलं तर तू आमचं नाव घेशील का. त्याच्या तोंडात घास होता. म्हणाला, बघू की बाबा.

होकार. इथे नोंद करून ठेवतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

प्लॅन: रोज पहाटे पाचला उठणे. जेवणापर्यंत संशोधन. ख्रिसमसला घराण्याचा इतिहास छापून तयार.

मुख्य मुद्दा आजच सुचला. आपले मग्यार पूर्वज घोड्यांवरून डोंगर ओलांडून या देशात आले तेव्हा सात टोळ्या होत्या असं शाळेत शिकवतात. सातच कशावरून? माझं म्हणणं, आठवी होती. ती उशिरा पोचली, म्हणून इतिहासात नोंद नाही. मी जन्मभर रेल्वेच्या वेळापत्रक विभागात काम केलं. उशिरा येणाऱ्याची कुणी नोंद घेत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

पिरोश्काला सांगितलं. ती म्हणाली, मसाल्याच्या बाटल्यांना हात लावू नकोस म्हणजे झालं, बाकी टोळ्या किती आणायच्या त्या आण.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नऊला उठलो. पाच वाजता अंधार असतो, अंधारात कागद दिसत नाहीत. वेळ बदलून साडेनऊ केली.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज कॅलेंडरात वेंदेल या नावाचा दिवस, म्हणजे माझा नामदिवस, दुसरा वाढदिवसच. बोगीचा फोन. नोर्बर्टकडून टूथब्रश, विजेवर चालणारा. भेटीत हेतू दिसतो, पण चालायचंच.

माझं नाव पणजोबांवरून ठेवलंय. त्यांचा एकच फोटो घरात आहे, तो आज काढून पुसला. पणजोबा ताठ उभे. मिशा. हातात काठी. आणि हातांत पांढरे शुभ्र मोजे! शेतकरी माणूस पांढरे हातमोजे घालतो का? बस, आणखी काय पुरावा हवा? पायाशी काहीतरी पांढरं, पुसट आहे. पिरोश्काचं म्हणणं, फोटो हलला असेल. मी म्हणतो बर्फ. शिकारीचा सीझन.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अर्काइव्हमध्ये गेलो. आधी फॉर्म. नाव, जन्मतारीख, आईचं नाव. या देशात लायब्ररीचं कार्ड काढा नाहीतर बुटांची तक्रार करा, आईचं माहेरचं नाव लिहिल्याशिवाय पान हलत नाही. माझ्या आईचा या संशोधनाशी काय संबंध? लिहिलं. पुढे पत्नीचं माहेरचं नाव. ते लांबलचक आहे, चौकटीत मावेना. सोडून दिलं.

खिडकीतल्या बाईंना मी वायबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, गेरेन्चेर म्हणजे कुंभार. मूळ शब्दसुद्धा आपला नाही, शेजारच्या स्लाव्ह लोकांकडून आलाय. मग म्हणे कुठे त्याचं गेलेन्चेर झालं, कुठे ग्योरोन्चेर. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एक, लग्नाला दुसरं, पुरताना तिसरं. आय आणि वाय हेही तसंच, लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. आणि मग चष्मा काढून म्हणाल्या, दर सोमवारी माझ्याकडे राजवंशी लोक येतात, बुधवारी सरदार. मंगळवार जरा मोकळा असतो असं वाटलं होतं.

मी त्यांना सभ्य शब्दांत दुरुस्त केलं. बाई तज्ज्ञ असतील, पण घराणं त्यांचं नाही, माझं आहे. आठव्या टोळीबद्दल त्यांनी ऐकलंच नव्हतं. यावरून काय ते कळलं.

कुंभार म्हणे!

१ नोव्हेंबर, शनिवार

गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. कबरस्तान. शेवंती, मेणबत्त्या, गर्दी. वडिलांच्या दगडावर वाय आहे. आजोबांच्या दगडावर शेवटच्या अक्षरावर शेवाळ होतं. नोर्बर्टचा टूथब्रश योगायोगाने खिशात होता. घासलं. आय निघाला.

दगड अरुंद आहे. वायचं शेपूट मावलं नसणार. पाथरवटाची चूक.

पिरोश्का तिच्या वडिलांच्या कबरीवर एकटीच गेली. ती पार कुंपणापाशी आहे आणि माझी कंबर धरली होती. सासरे मला फारसे कळले नाहीत. आमच्या लग्नाला पोतंभर अक्रोड घेऊन आले, कोपऱ्यात बसले, एक शब्द बोलले नाहीत. अक्रोडवाले सासरे म्हणूनच माझ्या लक्षात आहेत. अक्रोड मात्र चांगले होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

दारासाठी पितळी पाटी करायला टाकली. 'कुलीन गेरेन्चेरी.' पुराव्याच्या आधी पाटी, हा क्रम उलटा आहे असं पिरोश्का म्हणाली. मी म्हणालो, वेळापत्रक आधी छापतात, गाडी नंतर येते.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऐतिहासिक दिवस!

पणजोबा तिसाकेरेक गावचे, एवढं वडील सांगायचे. तिथल्या चर्चला फोन लावला. पाद्रीबाबा रविवारची प्रार्थना घेत होते, फोन एर्झी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईने उचलला. विचारलं, गावात कुणी गेरेन्चेरी आहेत का. बाई हसायलाच लागली. म्हणाली, अरे बाबा, अर्धं गाव गेरेन्चेरी आहे, मी पण तीच, तू कुणाचा ते सांग. मी म्हणालो, वेंदेल गेरेन्चेरींचा पणतू. ती ओरडली, अगं बाई! बॅरनांचा!

बॅरनांचा.

म्हणजे सरदारांतही वरच्या पायरीचा. मी खुर्चीवर बसलो. पाणी प्यायलो. मी तिला काहीही सुचवलं नव्हतं, हे इथे मुद्दाम लिहितो. म्हातारी स्वतःहून म्हणाली. वर म्हणाली की आमच्या जुन्या घराच्या गल्लीला अजून बॅरनांची गल्ली म्हणतात, आणि मी तुझी चुलत आत्या लागते, तेव्हा जानेवारीत डुक्कर कापू तेव्हा सगळ्यांना घेऊन ये.

पिरोश्काने पाण्यात थोडी साखर घालून दिली आणि म्हणाली, वेंदेल, अर्ध्या गावाचं आडनाव एकच असेल तर लोक ओळखायला टोपणनावं ठेवतात. माझ्या मावशीच्या गावात एकाला पोप म्हणायचे, तो गवंडी होता.

टोपणनावं ज्यांच्याकडे दुसरं काही नसतं त्यांना ठेवतात. पिरोश्काला घराणं वगैरे गोष्टींत गती नाही. तिचा दोष नाही.

६ डिसेंबर, शनिवार

मिकुलाश संताचा सण. बोगी आणि नोर्बर्ट चॉकलेटं घेऊन आले. मी बातमी दिली. नोर्बर्ट उभा राहिला, माझ्याशी हात मिळवला, आणि विचारलं की बॅरनसाहेबांची मागची दाढ अजून ठणकते का. ठणकते. पण या प्रसंगी तो विषय काढायला नको होता.

बोगी म्हणाली, बाबा, नावाचं मला तुमच्याशी जरा बोलायचंय. मी म्हणालो, आत्ता नको, जानेवारीत सगळे पुरावे हातात येऊ देत. ती पिरोश्काकडे बघून गप्प बसली. भारावली असणार.

पाटी आली. लावली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, नवीन भाडेकरू का. बिरुदं लावायला कायद्याने बंदी आहे याची मला कल्पना आहे. म्हणून 'कुलीन' बारीक अक्षरांत आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

घराण्याचा इतिहास छापून झाला नाही. शीर्षक लिहून तयार आहे. आता बाकीचं पटापट होईल. माशाचं सूप फर्स्ट क्लास. खसखशीचा रोल जास्त झाला.

१ जानेवारी, गुरुवार

मसूर खाल्ले, वर्षभर बरकत राहते. संकल्प: गावी गेल्यावर गावकऱ्यांशी नम्रपणे वागायचं. जुना सरदार परत आला असं त्यांना वाटता कामा नये. पांढरे हातमोजे विकत घेतले.

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी, तिसाकेरेकमधून.

एर्झी आत्याच्या मागच्या खोलीत बसून घाईघाईत लिहितोय. गावाने काय स्वागत केलं! फाटकात पाऊल टाकलं तोच आरोळी उठली, बॅरन आला रे! टोप्या निघाल्या. आलुबुखाराची दारू आली, उजाडायच्या आत. एका म्हाताऱ्याने माझे हातमोजे बघितले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडावर रुमाल धरून बाजूला गेला. इतकी वर्षं झाली तरी लोकांच्या मनात केवढी माया!

आणि गाव तरी कसलं! इथे बिशप आहेत. जनरल आहेत. दोन तुर्क आहेत, सख्खे भाऊ. मागच्या कम्युनिस्ट राजवटीने काय वाटोळं केलं बघा: बिशपांचा वंशज नळ जोडतो, जनरलांचा पावाची गाडी चालवतो. मी बिशपांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, दिवस फिरतील. तो म्हणाला, फिरतील बॅरनसाहेब, तोवर गरम पाणी आणतो.

डुकराची शेपटी धरायचा मान मला दिला. सगळ्या पुरुषांनी एकमताने माझंच नाव घेतलं. नोर्बर्टला नुसतीच सुरी धरायला दिली. बोलावतायत. जातो.

१८ जानेवारी, रविवार

पोट बिघडलंय. लिहीत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

लिहितो. रोजनिशी माझीच आहे, कोण वाचणार आहे.

दुपारी सगळे सॉसेज भरायला बसले. नोर्बर्ट कोपरापर्यंत मसाल्यात. गावाला तो भलताच आवडला. तुर्कांपैकी थोरला म्हणाला, याला टोपणनाव ठेवायचं कामच नाही, देवानेच ठेवून पाठवलाय. मी एर्झी आत्यापाशी बसून वही काढली आणि म्हणालो, आत्या, आता सविस्तर सांगा, आम्हाला बॅरन ही पदवी कुठल्या राजाने दिली.

आत्याने आतड्याला गाठ मारली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, राजा कुठला रे लेका, माझ्या आजीने दिली.

मग तिने सांगितलं आणि सगळे जण आपापली भर घालत गेले. सगळ्यांना पाठ होतं. पणजोबा तरुणपणी कुठल्याशा महालात घोड्यांच्या पागेत कामाला होते. मालकाने जुने हातमोजे टाकून दिले, ते यांनी उचलले. पागेतली नोकरी सुटली, गावी आले. गावाने काम दिलं ते बदकं राखायचं. मोठी पांढरी, चावरी बदकं. तर हे रोज सकाळी पांढरे हातमोजे घालून, मिशांना पीळ देऊन, काठी घेऊन निघायचे, आणि मागून आख्खा कळप. आत्याच्या आजीने कुंपणावरून बघितलं आणि म्हणाली, आले बघा बॅरन, लवाजमा घेऊन. झालं. तेव्हापासून बॅरन.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी फाटकावर रंगाने नाव लिहिलं. आमच्या गल्लीतले सगळे आयवाले, यांनी वाय काढला. पणजी दर ईस्टरला फाटक रंगवताना वायचं शेपूट पुसून टाकायची. सण झाला की हे परत काढायचे. पुढे रेल्वेच्या फाटकावर नोकरी लागून ते शहरात आले, तिथे शेपूट पुसायला कुणी नव्हतं. ते राहिलं. मुलाने कबरीवर आय लिहून घेतला, नातवाने पुन्हा वाय लावला. असा हा आमचा वाय.

चर्चमध्ये ते मालक लोकांच्या बाकावर जाऊन बसायचे आणि त्यांना उचलून मागे ठेवावं लागायचं, असं बिशप म्हणाला. उचलणारा त्याचाच पणजोबा होता. तोही बिशप, कारण त्याने एकदा पाद्रीबाबांना प्रवचनात मध्येच अडवून चूक दाखवली होती.

सगळे पोट धरून हसत होते. पिरोश्कासुद्धा. माझ्या मांडीवर हातमोजे होते. ते खिशात कसे घालावेत कळेना. मला लाज वाटली, खरंच वाटली. शेपटी धरायचा मान नवख्याला देतात, डुक्कर त्यानेच पकडलंय असं त्याला वाटावं म्हणून. हेही त्याच वेळी कळलं.

आत्याने ते ओळखलं असावं. तिने पुसलेला हात माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, अरे, ते शहरात गेले त्या दिवशी बदकं स्टेशनपर्यंत त्यांच्या मागे गेली होती. आजी म्हणायची, मग गावात हसायलाच कुणी उरलं नाही, नुसतं सुनं सुनं झालं. म्हणून गल्लीला नाव ठेवलं. परक्या माणसाला कोण नाव ठेवतं, वेंदेल? आपल्या माणसालाच ठेवतात.

येताना तिने सॉसेज बांधून दिले. पुडक्यावर पेन्सिलीने लिहिलंय, बॅरन.

२५ जानेवारी, रविवार

पणजोबांचा फोटो भिंगातून बघितला. बर्फ नाही. एक चोच अगदी स्पष्ट दिसते.

पाटी अजून दारावर आहे. थंडीत स्क्रू निघत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सॉसेज संपले. विचार केला. घराणं बदकांचं निघालं तरी नाव तर माझं आहे ना? वडिलांचं आहे. या नावाने मला शाळेत हाक मारली, या नावाने नोकरी केली, याच नावाने बोगीला दवाखान्यातून घरी आणली. ते संपणार याचं मला वाईट वाटतं. आधी सरदारकीमुळे वाटत होतं असं मला वाटत होतं. सरदारकी गेली आणि वाईट वाटणं तेवढंच आहे.

सोमवारी कचेरीत मुलांबरोबर मी पण जाणार. छोटंसं भाषण तयार केलंय. सौम्य आहे, पण बोगीला रडू येईल.

१६ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी.

भाषण झालं नाही.

कचेरीतला अधिकारी माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्याने बोगीला विचारलं, लग्नानंतर नाव काय. मी खुर्चीतून अर्धा उठलो. बोगी म्हणाली, आहे तेच, गेरेन्चेरी बोग्लार्का. पासपोर्टवर आहे, डिग्रीवर आहे, कोण बदलत बसणार. अधिकाऱ्याने लिहिलं. इतकंच.

मी विचारलं, हे कधी ठरवलंस. म्हणाली, ऑक्टोबरात, त्या रविवारी तेच सांगायला आले होते, तुम्ही सूप संपायच्या आत सरदारांचं घराणं काढलंत. मग आता सांगते, उद्या सांगते करत राहिले. शेवटी आईच म्हणाली, सांगू नकोस गं, रिटायर झाल्यापासून हा माझ्या मसाल्याच्या बाटल्या स्टेशनांच्या क्रमाने लावतोय, त्याला काहीतरी उद्योग हवा.

म्हणजे सगळा हिवाळा!

नोर्बर्ट कापोस्ताच राहणार. मुलं झाली तर त्यांचं नाव? दोघं एकदम म्हणाले, कापोस्ता. बोगी माझा हात धरून म्हणाली, बाबा, मला जन्मभर फोनवर सांगावं लागलंय, शेवटी वाय, नाही हो, वाय. कोबी म्हटलं की माणूस हसतो आणि बरोबर लिहितो. भाषणाचा कागद मी परत खिशात सरकवला. म्हणजे नाव बोगीपर्यंत आहे, पुढे नाही.

मग अधिकारी फॉर्म मोठ्याने वाचू लागला. वधूचं नाव, जन्मस्थळ, आईचं नाव: मारोशलिगेती पिरोश्का. वाचता वाचता थांबला. चष्मा काढला. उभा राहिला. खरंच उभा राहिला. पिरोश्काला म्हणाला, बाईसाहेब, ते मारोशलिगेती? महालवाले? माझी आजी तुमच्या मुदपाकखान्यात होती. तिथल्या चर्चच्या फरशीत सगळे तुमच्याच घराण्याच्या कबरींचे दगड आहेत, चारशे वर्षांचे.

पिरोश्का म्हणाली, हो, तेच. आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

शेवटी टी-एच आणि त्यावर वाय, जुन्या सरदारांची खूण. दोन्ही! हे नाव मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं माहीत होतं. अर्काइव्हच्या फॉर्मवर चौकटीत मावत नाही म्हणून मीच सोडून दिलं होतं.

बाहेर आल्यावर विचारलं, बोलली का नाहीस. म्हणाली, लहानपणी, त्या राजवटीत, शाळेत असलं सरदारी नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती, आणि नंतर घेऊन काय करायचं होतं? बाबा त्यांच्यातले शेवटचे. आपल्या लग्नात अशाच टेबलापाशी कचेरीतल्या बाईने मला विचारलं होतं, नाव काय लावणार. मी तोंड उघडायच्या आत तू सांगून टाकलंस, तुझं आख्खं नाव आणि मागे नुसतं 'ची बायको' असं शेपूट, माझं काहीच नाही. तेव्हा तशीच पद्धत होती म्हणा. बाबा खिडकीबाहेर बघत होते. महालाच्या बागेतलं एकच झाड त्यांच्याकडे राहिलं होतं, अक्रोडाचं. त्याचेच घेऊन आले होते ते.

सगळं पोतं मी एका हिवाळ्यात संपवलं होतं. मला ते आत्ता आठवलं. पुलावर थांबलो.

तिला वाटलं मी अजून कोबीवरून दुःखात आहे. म्हणाली, अरे वेड्या, या देशात आईचं नाव लिहिल्याशिवाय काही होतं का? बोगीने शाळेपासून आजपर्यंत प्रत्येक कागदावर माझं नाव लिहिलंय, पूर्ण, चौकटीबाहेर गेलं तरी. तिची पोरं आईच्या नावात तसंच तुझं लिहितील. कोबी असली तरी.

पिरोश्काने दोनदा विचारलं, बरा आहेस ना.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नोर्बर्टने दाढ काढली. काढताना मला बॅरन म्हणाला. तोंड उघडं होतं, हरकत घेता आली नाही. खरं म्हणजे घ्यायचीही नव्हती.

जुनी पाटी घेऊन पाटीवाल्याकडे गेलो. म्हणालो, पुसून यावर दुसरं नाव घाला, खाली माझंही असू द्या, बिरुद नको. त्याने नाव वाचलं, पाटीवर पट्टी ठेवली आणि म्हणाला, साहेब, हे यात मावायचं नाही. मोठी पाटी घ्यावी लागेल.

घेतली. दुपारी स्वतःच बसवली.

पिरोश्का बाजारातून आली. दारात उभी राहून वाचलं. म्हणाली, डावीकडचा स्क्रू वाकडा बसलाय. मग पिशवी ठेवायला आत गेली, आणि परत बाहेर आली, वाचायला.